वर केलेला हात

दसऱ्याला दोन दिवस उरले की सातपूरच्या रस्त्याकडेला झेंडूचे ढीग लागतात आणि मला कोणावर तरी ओरडावंसं वाटतं. बहुधा फुलवाली सापडते. ती भाव सांगते, मी निम्मा सांगतो. ती फुलं परत ढिगात टाकायचं नाटक करते, मी निघून जायचं. यंदा ती म्हणाली, "शेठ, दरसाल येवढं भांडता आन् दरसाल सगळ्यात जास्त फुलं तुम्हीच नेता. मंग भांडता कशाला?" बाजूचे लोक हसले. मीही हसलो. खरं उत्तर तिला सांगण्यासारखं नव्हतं. या दिवसांत मला गप्प राहता येत नाही, आणि याच दिवसांत एकदा मी गप्प राहायला हवं होतं.

पाऊस गेलेला असतो, थंडी आलेली नसते. कारखान्यांचे पत्रे दुपारी चारपर्यंत तापून तडतडत असतात. खंडेनवमीला यंत्रं पुसतात. वर्षभर काळं तेल गिळून बसलेलं लेथ मशीन रॉकेलच्या बोळ्याने पुसलं की खालून हिरवा रंग निघतो आणि आपण इतके दिवस याच यंत्रावर काम करत होतो का, असं वाटतं. त्याला हळदीकुंकू लावायचं, वर माळ. झेंडू, रॉकेल आणि पेढे यांचा मिळून एक वास होतो. ज्याने कारखान्यात दसरा काढला नाही त्याला तो सांगून कळायचा नाही. मला तो वास आला की पाठोपाठ आवाज येतो. चारशे माणसं एकदम गप्प झाल्याचा आवाज.

आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली होती. दबकून बोलायची सवय लागलेली माणसं आता गेटवर उभी राहून बोलत होती, आणि ऐकणाऱ्यांनाही ऐकायची भूक होती. दसरा ते दिवाळी हा बोनसचा हंगाम. सातपूरला त्या दिवसांत गेटागेटावर एक उलटा केलेला ड्रम असायचा आणि त्यावर एक माणूस. मी एका मोठ्या कारखान्यात टर्नर होतो. आमच्या गेटवरच्या ड्रमवर मी असायचो. मी उभा राहिलो की सायकलीला पाय लावलेली माणसं पाय खाली टेकवत. ते सुख मला पुढे कशातच मिळालं नाही. स्वतःची शेड बांधली, यंत्रं घेतली, लोक शेठ म्हणू लागले, पण ते सुख नाही.

बोलणं मी शाळेत शिकलो नाही. सिन्नरला आई विड्या वळायची. आठवड्याच्या विड्या कारखान्यात नेल्या की तपासणारा कारकून त्यातल्या मूठभर खराब म्हणून बाजूला काढायचा. त्याला छाट म्हणत. छाटाची मजुरी मिळत नसे आणि विड्याही परत मिळत नसत. त्या कारकुनाच्या खणात जात. बाकीच्या बायका हात जोडत, रडत, शिव्या देत. आई फक्त विचारायची, "भाऊ, या वाईट हायेत ना?"

"हो."

"येकदम वाईट?"

"हो म्हटलं ना."

"ओढायच्या कामाच्या नाय?"

"नाहीत."

"मंग द्या इकडं. चुलीत घालते."

रांगेतल्या बायका पदर तोंडाला लावत. कारकून अर्ध्याअधिक विड्या मुकाट चांगल्यात टाकायचा. पुढे मी जितकी भाषणं केली ती सगळी आईच्या या चार वाक्यांवर उभी होती. समोरच्याला तीनदा हो म्हणायला लावायचं. चौथ्यांदा त्याला नाही म्हणायला जागा उरत नाही. फक्त एक फरक मला फार उशिरा कळला. आई स्वतःच्या विड्यांसाठी बोलत होती.

शब्बीर माझा पहिला श्रोता. आमच्याच कारखान्यात प्रेसशॉपला होता. मूळचा नांदगावचा, पिंजाऱ्याच्या घरातला. बापाने जन्मभर कापूस पिंजून गाद्या भरल्या आणि तोच कापूस छातीत भरून घेऊन गेला. म्हणून शब्बीरला लोखंड आवडायचं. "लोखंड उडत नाय," म्हणायचा. आम्ही दोघं जुन्या नाशकात शेजारी राहत होतो आणि त्र्यंबक रस्त्याने सायकलवर सातपूरला जात होतो. जाताना मी उद्याचं भाषण म्हणून दाखवायचो. मालकांनी आमचं रक्त शोषलं, असं सुरू केलं की हा पॅडल मारायचं थांबवायचा.

"रक्त नको रे दत्तू. रक्त सगळेच घेतात. चहा घे."

"चहा?"

"कँटीनचा. साहेबाला दुधाचा, आपल्याला पातेलं विसळलेला. तेवढंच बोल. रक्त शोषताना कोणी पाहिलंय यार? चहा रोज पितो आपण."

मी चहा घेतला. माणसं आधी हसली, मग हसता हसता त्यांचे चेहरे ताठ झाले. संतापाचं मोठं भाषण जे करू शकत नाही ते पातेलं विसळलेल्या चहाने केलं. थांबायचं कसं, हेही त्यानेच शिकवलं. "तू लय घाई करतो. सवाल टाक आन् गप बस. मनात पाच मोज. त्यांना वाटू दे, जवाब त्यांचाच हाय." मी घाई करू लागलो की तो पुढच्या रांगेतून कानाची पाळी धरायचा. ती आमची खूण. लोकांना वाटायचं, दत्तू काय बोलतो! त्या बोलण्यातला निम्मा भाग पुढच्या रांगेत उभा असायचा.

त्या पावसाळ्यात पॉवर प्रेसखाली शब्बीरच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. प्रेसला जाळी नव्हती. प्रेसशॉपचे सुपरवायझर बर्वे. भला माणूस, पण नोकरीला जपणारा. त्यांनी वर किरकोळ इजा म्हणून कळवलं. पट्टी सुटल्यावर शब्बीरला कोपऱ्यातल्या छोट्या हातप्रेसवर उभं केलं, उजव्या हाताने दांडा ओढायचा, आणि तंदुरुस्त म्हणून लिहून टाकलं. कागदावर शब्बीरची दहा बोटं होती. हुद्दा तोच, पगार तोच, शर्टावर तेच तेलाचे डाग. प्रेसशॉपची दहाबारा माणसं आणि मी, एवढ्यांनाच खरं माहीत. गेटमधून येताजाता तो डावा हात डब्याच्या पिशवीत घालून चालायचा.

एका सकाळी चढावर सायकली हातात धरून चालताना तो म्हणाला, "काय पण बोल दत्तू. माझा हात तेवढा घेऊ नको."

"वेडा आहेस का?" मी म्हणालो.

शपथ घेतली नाही. शपथ लागावी असं आमचं नव्हतं.

दसऱ्यानंतरचा तिसरा दिवस. साडेतीन वाजले होते, पहिली पाळी बाहेर पडत होती, दुसरी आत जात होती. माणसं जास्तीत जास्त जमण्याची ती वेळ. पण कंपनीने त्याच सकाळी नोटीस लावली होती: आम्ही मागितलं त्याच्यापेक्षा कमी, पण लगेच, आणि वर प्रत्येकाला पेढ्यांचा पुडा. अर्धी माणसं मनाने घरी पोचली होती. ड्रमवर चढलो तेव्हाच माझ्या पायांना ते कळलं. चहा काढला, कोणी हसलं नाही, चहा तीनदा होऊन गेला होता. प्रश्न टाकला आणि पाच मोजायला लागलो. तिसऱ्या आकड्याला मागून कोणी तरी म्हणालं, "चला रे, बस चुकंल!" आणि सगळे हसले.

माझी कानशिलं तापली. मला राग आला की मागणी, बोनस, कामगार, काही दिसत नाही. मला फक्त जिंकायचं असतं. आजही एखादा गिऱ्हाईक भाव पाडताना हसला की मी तोट्यात जाईन पण त्याला हरवून पाठवीन. समोर शब्बीर उभा होता. त्याने कानाची पाळी धरली होती.

"पेढे पाहिजेत ना तुम्हाला?" मी म्हणालो. "घ्या की पेढे! पण कोणत्या हातानं खाणार? शब्बीर, वर कर हात!"

सगळी डोकी वळली. शब्बीरने माझ्याकडे पाहिलं. मग त्याने हात वर केला. उजवा. पाच बोटांचा, धडधाकट.

त्या क्षणात मला आज एक मोकळी वाट दिसते. ती त्यानेच करून दिली होती. हे बघा, या हातावर कारखाना चालतो, असे चारशे हात आहेत, आवळा मुठी! एवढं म्हणायचं होतं. तेही चाललं असतं. कदाचित जास्त चांगलं चाललं असतं. उभ्या जागी, चारशे माणसांच्या नजरा अंगावर असताना, त्याने माझं भाषण सावरलं होतं आणि स्वतःलाही.

मी म्हणालो, "तो नाही. दुसरा."

पिशवी खाली पडली. डब्याचं झाकण निघून डांबरावरून गोल गोल फिरत राहिलं आणि आडवं होईपर्यंत कोणी श्वास घेतला नाही. शब्बीरचा डावा हात वर होता. तो हाताकडे पाहत नव्हता, माझ्याकडेही नाही. गेटच्या आत उभ्या बर्व्यांनी मान खाली घातली. मी मनात पाच मोजले. हो, मोजले. आणि मग माणसांनी जो गलका केला तो म्हणे पार त्र्यंबक रस्त्यावर ऐकू गेला. पेढ्यांचे पुडे गेटवरून आत फेकले गेले. मला खांद्यावर घेतलं. खांद्यावरून शब्बीर कुठे दिसतो ते मी पाहिलं, तर तो वाकून झाकण शोधत होता.

संपाच्या नवव्या दिवशी कंपनीने मान्य केलं. जे मागितलं ते जवळपास सगळं. शिवाय मी एक कलम भांडून घेतलं. साहेब लोक तयार नव्हते. तीन तास मी त्यांना उठू दिलं नाही. अपघातात जायबंदी झालेल्या कामगाराला कामावरून न काढता हलकं काम द्यावं. सही झाल्यावर बाहेर येऊन ते कलम मी स्वतः वाचून दाखवलं. वाचताना मी शब्बीरला शोधत होतो. मला वाटत होतं, फेडलं.

ते कलम सगळ्यात आधी शब्बीरलाच लागू झालं. डॉक्टरने हात तपासला, प्रेसला अयोग्य असं लिहिलं, आणि त्याला ऑफिससमोरच्या बागेत पाइप धरून उभं केलं. पगार राहिला, प्रेसशॉप गेलं. तेलाचे डाग नसलेला शर्ट घालून तो गुलाबांना पाणी घालायचा. पाळी सुटताना माणसं थट्टा करायची, "काय शब्बीरभाई, गुलाब लागले का?" वाईट हेतू नसायचा. तो हसायचाही. सकाळी तो माझ्या तासभर आधी निघू लागला. मी विचारलं नाही. संक्रांतीच्या सुमारास बागेत दुसराच माणूस दिसला. कळलं, शब्बीर हिशेब करून नांदगावला गेला. कापसाकडे.

मी लगेच गेलो होतो. ते कोणी लक्षात घेत नाही. रजा टाकून, रेल्वेने, नांदगावला. त्याची बायको जमिला दाराआडून म्हणाली, "घरात नाहीत." उंबऱ्यापाशी त्याच्या चपला होत्या, अंगठा मीच सातपूरला शिवून आणला होता. माझं डोकं फिरलं. गल्लीत उभा राहून मी दाराला भाषण दिलं. चारशे घरांत दिवाळी झाली ती कोणामुळे? कलम कोणी आणलं? पुढे ज्यांचे हात जातील त्यांची नोकरी कोणी वाचवली? एकेका प्रश्नानंतर मी थांबत होतो. शेजारच्या ओट्यावरची माणसं माना हलवत होती. त्यांनाही पटत होतं. दार उघडलं नाही.

हा माझा राग आहे, आणि तो मी इतकी वर्षं नीट सांभाळला आहे. माणसाने भांडावं. शिव्या द्याव्यात, गचांडी धरावी. मी चुकलो असेन, पण खटला चालवल्याशिवाय शिक्षा? कारखान्यात काही जण माझ्यामागे म्हणू लागले, दत्तूने दोस्ताचा हात विकला. पुढच्या हंगामात ड्रमवर दुसराच चढला. ज्यांच्यासाठी घसा फोडला ते त्याच्या समोर पाय टेकवून उभे. मी नोकरी सोडली, शेड टाकली, एकाचे दोन लेथ केले. बोलण्याच्या जोरावर कामं मिळवली, बोलण्याच्या जोरावर भाव घेतला. आता माझ्याकडे अकरा माणसं आहेत. आपण सहज म्हणतो, मी त्याचं मन वळवलं. वळवण्याआधी ते मन कुठे चाललं होतं, हे मी कधी कोणाला विचारलं नव्हतं.

यंदा दसरा झाला आणि माझी अकराही माणसं बोनसचं बोलायला आली. पुढे निकम, माझा सगळ्यात चांगला फिटर. बोलतो बरा. पहिला मुद्दा हसवून काढला, दुसरा प्रश्न विचारून. मला मजा वाटत होती. मनात मी मार्क देत होतो. मग तो मागे वळला. "सुमनबाई, पुढं या. शेठना डोळा दाखवा."

सुमनबाई तासलेल्या मालाच्या कडा घासायचं काम करते. उन्हाळ्यात तिच्या डोळ्यात लोखंडाचा कीस गेला होता. तिने पदर पुढे ओढला.

"तिला विचारलंस का?" मी इतक्या जोरात ओरडलो की शेजारच्या शेडमधलं यंत्र बंद पडलं.

निकम गोंधळला. "शेठ, तिच्यासाठीच तर बोलतोय."

इतकी वर्षं हे वाक्य माझंच होतं. त्याने मागितलं तेवढं मी कबूल केलं, घासाघीस न करता. निकमचं तोंड उतरलं. त्याने बराच माल अजून राखून ठेवला असणार. सगळे गेल्यावर मी सुमनबाईला थांबवून विचारलं. ती खाली बघून म्हणाली, "डॉक्टरला दाखवा म्हणत होते मी. सगळ्यांना नाय."

तिला डॉक्टरकडे पाठवलं आणि दुसऱ्या दिवशी मी नांदगावची गाडी धरली. ठरवलं होतं, वाटेत काही जुळवायचं नाही. खिडकीबाहेर बघत राहिलो. ज्वारीची हिरवी रानं, मध्येच मोकळी काळी जमीन. तरी मनात शब्द येऊन रांगेत उभे राहतच होते. त्यांना बाजूला सारत मी नांदगावला उतरलो.

बाजाराच्या रस्त्याला त्याचं दुकान. दारात कापसाचा ढीग, आत पसरलेली गादी, त्यावर गुडघा टेकून शब्बीर. लांब सुई उजव्या हाताने वर ओढत होता आणि डाव्या हाताच्या तीन बोटांनी कापूस दाबून धरत होता. भुवयांवर कापूस. त्याने वर पाहिलं आणि जणू मी काल येऊन गेलो होतो अशा आवाजात म्हणाला, "ये दत्तू. बस. त्या गादीवर नको, गिऱ्हाइकाची हाय."

जमिला चहा घेऊन आली. "भाऊ, साखर चालते ना? या वयात सगळ्यांना विचारावं लागतं." मी मान हलवली. ती गेल्यावर म्हणालो, "शब्बीर, माझं चुकलं."

एवढंच म्हणालो. आणि मग थांबलो. ते थांबणं किती बेताचं, किती नेमकं झालं, हे माझं मलाच ऐकू आलं. खरं बोलतानाही माझी जीभ जुन्या वाटेने चालली होती.

"मोजतोयस?" शब्बीर म्हणाला.

मला हसू आलं, आणि लगेच राग. जुना, सांभाळलेला, सगळाच्या सगळा. "तू एक शिवी तरी द्यायची होतीस. मी इथपर्यंत आलो होतो. घरात नाही म्हणून सांगितलंस, चपला दिसत होत्या मला!"

"होतो ना घरात. दाराला कान लावून बसलो होतो. सगळं ऐकलं. शेवट लय भारी केला होता तू." तो खरंच कौतुकाने बोलला.

"मग बाहेर का आला नाहीस?"

त्याने दोऱ्याला गाठ मारली. तीन बोटांनी आणि दातांनी, वेळ लागला. मग म्हणाला, "आलो असतो तर भांडलो असतो. भांडलो असतो तर तू जवाब दिला असता."

"दिला असता. मग?"

"मग तो मला पटला असता, दत्तू. तुझं सगळंच पटायचं मला. तेवढं एक पटायला नको होतं."

मी तोंड उघडलं. त्याने सुई खाली ठेवली आणि ऐकायच्या तयारीने माझ्याकडे पाहत राहिला. मी काही बोललो नाही.